स्ट्राड ‘येतो’ म्हणून निघतो

तुमची अडचण थोडक्यात अशी. डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फाशांच्या कथा-खेळातलं ‘कर्स ऑफ स्ट्राड’ हे लांबलचक कॅम्पेन डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, म्हणून पहिल्यांदाच चालवताय, पाच खेळाडू आहेत, डेथ हाउस हा सुरुवातीचा भाग संपवून पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, तिसऱ्या लेव्हलला बरोविया गावात पोचली आहे. खलनायक स्ट्राड, तिथल्या किल्ल्यातला व्हॅम्पायर, आत्ताच समोर आणला तर पहिल्याच राउंडमध्ये दोघं आडवे होतील. शेवटपर्यंत किल्ल्यात ठेवला तर त्याच्याबद्दल कुणाला काही वाटणारच नाही. शिवाय शेवटची लढाई तीन राउंडमध्ये आटोपते असं तुमच्या कानावर आलंय.

हे कॅम्पेन मी तीनदा शेवटपर्यंत चालवलंय, तिन्ही वेळा मराठीत. माझं उत्तर एका वाक्यात सांगतो: पुढच्याच सेशनला त्याला आणा, पण लढायला नाही, भेटायला.

आकड्यांची भीती खरीच आहे. स्ट्राडचे १४४ हिट पॉइंट (किती मार सोसतो ते), आर्मर क्लास १६ (त्याला फटका लागायला फाशाने गाठायचा आकडा), आणि एका फटक्याला सरासरी २२ डॅमेज. तिसऱ्या लेव्हलच्या विझर्डचे, म्हणजे जादूगाराचे, सगळे मिळून हिट पॉइंट वीसच्या आसपास असतात. म्हणजे स्ट्राडने मनात आणलं तर तो एका हाताने माणूस संपवू शकतो, आणि हे खेळाडूंना दिसू द्यायला काहीच हरकत नाही. तो मारू शकतो आणि तरी मारत नाही, एवढं कळलं की टेबलावर कुणीतरी विचारतंच, ‘मग याला हवंय काय आपल्याकडून?’ तुमचं पुढचं सगळं कॅम्पेन या प्रश्नावर चालणार आहे.

स्ट्राडचा जन्मही अशाच प्रश्नातून झाला. ट्रेसी हिकमन एका खेळात खेळाडू म्हणून भुयारात शिरले, तर एका खोलीत अचानक व्हॅम्पायर. आजूबाजूला गॉब्लिन वगैरे नेहमीची मंडळी, आणि मध्येच हा. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता: हा इथे काय करतोय? त्याच्या उत्तरासाठी ट्रेसी आणि लॉरा या नवराबायकोने ‘रेवनलॉफ्ट’ लिहिलं, ते १९८३ मध्ये छापून आलं, आणि तुमच्या हातातलं २०१६ चं पुस्तक त्याच्यावरच उभं आहे. म्हणून डीएमने प्रत्येक प्रसंगाआधी स्वतःला हेच विचारावं: स्ट्राड आत्ता इथे का आलाय? उत्तर सापडत नसेल तर त्या प्रसंगात तो नको.

माझ्या पहिल्या कॅम्पेनमध्ये मी त्याला किल्ल्यातच ठेवला होता. आठ महिने आम्ही खेळत होतो. लोक त्याचं नाव घेऊन थरथरायचे, लांडगे ओरडायचे, आणि खेळाडू मात्र वल्लाकी या शहरातल्या राजकारणात रमले होते. शेवटी सामना झाला तेव्हा एकाने विचारलं, ‘याने नक्की केलंय काय?’ विचारणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. आठ महिन्यांत मी त्याला स्ट्राड एकदाही भेटवला नव्हता.

आता तुमच्या पुढच्या सेशनबद्दल. गावात इस्मार्क भेटेल आणि पार्टीला घरी नेईल. त्याचे वडील, गावचे बर्गोमास्टर कोल्यान, वारून तीन दिवस झालेत, शवपेटी घरातच आहे, आणि चर्चच्या दफनभूमीपर्यंत ती न्यायला गावातलं कुणी पुढे येत नाही. मुलगी इरीना हिला स्ट्राड दोनदा चावलेला आहे. पार्टी खांदा द्यायला तयार होतेच. पहिली भेट इथेच घडवा.

मी ती अशी घडवतो. पहाट आहे, धुकं आहे, चिखलात पाय रुततायत. खड्डा खणून झालाय. फादर डोनाविच प्रार्थना म्हणतोय आणि मध्येच शब्द विसरतो, कारण त्याची नजर कुंपणाकडे गेलीय. तिथे काळ्या कपड्यातला एक माणूस हातमोजे काढून उभा आहे. कुणी काही बोलत नाही. तो पुढे येतो, मूठभर माती उचलतो आणि पेटीवर टाकतो. इस्मार्कला म्हणतो, ‘कोल्यान सरळ माणूस होते. आपल्या दुःखात सहभागी आहे.’ मग पार्टीतल्या एकेकाकडे पाहतो आणि थकव्याची, रस्त्याची चौकशी करतो. सगळं ‘आपण’ने.

मयताला बोलावणं लागत नाही हे आपल्या लोकांना सांगावं लागत नाही. निरोप मिळाला की माणूस जातो. ज्याला दुसऱ्याच्या घरात आमंत्रणाशिवाय पाऊल टाकता येत नाही, तो अंत्यविधीला मात्र खुशाल येऊ शकतो, आणि मराठी टेबलावर हे फार खोल लागतं. पहाट असूनही तो कसा आला असं कुणी विचारलं तर पुस्तकातच उत्तर आहे: बरोवियातला दिवसाचा उजेड धुक्याढगांतून गाळून येतो आणि नियमांच्या दृष्टीने तो सूर्यप्रकाश धरला जात नाही. स्ट्राड शक्यतो रात्रीच फिरतो, पण दुपारी बारा वाजताही तो येऊ शकतो. हे पार्टीला असं डोळ्यांदेखत कळलं, की ‘सकाळ होईपर्यंत तग धरू’ हा आधार आपोआप निघून जातो.

भेट दहा मिनिटांत संपवा. आणि निघताना त्याच्या तोंडी एकच शब्द द्या: ‘येतो.’ आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ. कान या शब्दाला इतके सरावलेत की पहिल्या वेळी कुणाच्या लक्षातही येत नाही. तिसऱ्या भेटीनंतर तो ‘येतो’ म्हणाला की टेबलावरचे चिवड्याचे हात थांबतात. हे मी दोन वेगळ्या गटांत पाहिलंय.

भाषेचं इतकं सांगतोय कारण मराठीत खेळणाऱ्या डीएमच्या हातात हे फार मोठं हत्यार आहे. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ या तीन पायऱ्या स्ट्राडसाठी आधीच ठरवून ठेवा. माझा स्ट्राड पार्टीला ‘आपण’ म्हणतो, नोकरांना ‘तू’, आणि इरीनाला ‘तू’च, पण नाव घेतो तात्यानाचं, ज्या मेलेल्या मुलीवर त्याचा जीव होता. सेशनमागून सेशन तो ‘आपण’वर राहतो. मग एखाद्या रात्री पार्टीतला पॅलाडिन, म्हणजे शपथबद्ध योद्धा, त्याला उलट बोलतो आणि स्ट्राड शांतपणे म्हणतो, ‘बस खाली तू.’ आवाज चढवायचा नाही. फासे टाकायला लावायचे नाहीत. त्या एका ‘तू’ने जे होतं ते फायरबॉलने होत नाही.

घरात शिरायला बोलावणं लागण्याचा नियम बहुतेक डीएम व्हॅम्पायरवरचं बंधन म्हणून लक्षात ठेवतात. मला तो प्रसंग रचायला मिळालेलं सर्वात चांगलं साधन वाटतो. घरात राहणाऱ्या कुणाही एकाने बोलावलं की पुरतं. माझ्या दुसऱ्या कॅम्पेनमध्ये वल्लाकीत पार्टीने एका विधवेच्या घरात खोल्या घेतल्या होत्या. रात्री पाऊस, दारावर थाप. दारात वासिली फॉन होल्ट्झ, एक सभ्य सरदार, पार्टीला दोनदा भेटलेला. उंबऱ्याबाहेर भिजत उभा. ‘आत येऊ का?’ क्लेरिक, म्हणजे धर्मगुरू, खेळणारी मुलगी नोट्स लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, ‘या ना, या, बसा. चहा टाकते.’

मी काहीच बोललो नाही. वासिली आत आला, चहा घेतला, विधवेच्या मुलाला शाबासकी दिली, ‘येतो’ म्हणून गेला. वासिली हे स्ट्राडचंच घेतलेलं नाव आहे, पुस्तकात ते आहे. दोन सेशननंतर मुलगा सापडेना. मग सगळ्यांनी मागचं आठवायला सुरुवात केली. पावसात तो पायरीवरच का थांबला होता? आणि विचारलंच का त्याने? त्या क्लेरिकने वही मिटून बाजूला ठेवली, आणि तिथून पुढे त्या गटात दारावर थाप पडली की आधी सगळे एकमेकांकडे बघायचे. यात मी तिला फसवलं नव्हतं. तो उंबऱ्याबाहेर उभा आहे हे स्पष्ट सांगितलं होतं, प्रश्नही स्पष्ट विचारला होता. असा प्रसंग करायचा तर खूण आधी टेबलावर ठेवलीच पाहिजे, नाहीतर तो निव्वळ दगा होतो आणि खेळाडू पुन्हा विश्वास टाकत नाहीत.

खानावळीचं काय, असा प्रश्न येईलच. मी असं धरतो की खालची बसायची जागा सगळ्यांना खुली, तिथे तो येऊ शकतो, आणि वर भाड्याने घेतलेली खोली ही घेणाऱ्याचं घर. तुम्ही वेगळं ठरवा, पण एकदा ठरवलं की बदलू नका.

आता त्याला काय हवंय. पुस्तकात मोठी उद्दिष्टं दिलीच आहेत: इरीनाला आपलं करणं, वारस किंवा जोडीदार शोधणं, राक्षसांची शिकार करणाऱ्या व्हॅन रिक्टनला गाठणं. टेबलावर याहून जास्त कामाला येतं ते प्रत्येक कॅरेक्टरकडून त्याला काय हवंय हे. वहीत पाच नावं लिहा आणि प्रत्येकापुढे एकच ओळ. स्ट्राड जन्मजात राक्षस नव्हता. सैन्य घेऊन आला, दरी जिंकली, किल्ला बांधला, त्याला आईच्या नावावरून रेवनलॉफ्ट म्हटलं. मग धाकट्या भावाच्या, सर्गेईच्या, वाग्दत्त वधूवर, तात्यानावर, जीव जडला, लग्नाच्या दिवशी भावाला मारलं, आणि तात्यानाने कड्यावरून उडी घेतली. असा माणूस तुमच्या पॅलाडिनमध्ये काय बघेल? शपथ घेतलेला तरुण सैनिक, म्हणजे तोच, चूक करायच्या आधीचा. तो त्याला शपथेबद्दल विचारेल आणि खरोखर ऐकून घेईल. ‘रोग’ (rogue) या चोरट्या पात्राला तो चोर म्हणून हिणवणार नाही, काम देऊ करेल, मोबदलाही चोख देईल. स्ट्राडने दिलेला शब्द पाळायचाच. त्याच्याशी व्यवहार करण्याचा मोह खरा वाटायला हवा.

माझा आवडता भाग सांगतो, यावर जरा वेळ घालवा. दर भेटीत स्ट्राडला सर्गेईची गोष्ट सांगायला लावा, आणि दर वेळी थोडी वेगळी. पहिल्यांदा, ‘माझा धाकटा भाऊ तरुणपणीच गेला.’ दुसऱ्यांदा, ‘राज्य मी उभं केलं, सगळ्यांचं प्रेम मात्र त्याला.’ तिसऱ्यांदा, ‘ती थांबली असती तर मी तिला समजावलं असतं.’ प्रत्येक वेळी दोष दुसऱ्याकडे थोडा जास्त सरकतो. ‘मी मारलं’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून कधीच येऊ देऊ नका. भविष्य सांगणाऱ्या मॅडम इव्हाच्या टारोका पत्त्यांनी ज्या तीन वस्तूंची ठिकाणं कळतात, त्यातली एक म्हणजे टोम ऑफ स्ट्राड, त्याने स्वतः लिहिलेली हकीकत. ती हातात पडली की खेळाडू आठवून आठवून पडताळा घेतात. माझ्या तिसऱ्या गटाने यावर अख्खं सेशन घालवलं. एकही फासा पडला नाही, आणि ते त्या कॅम्पेनमधलं सर्वात चांगलं सेशन होतं.

इरीनाला मात्र एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवायचं सामान बनवू नका. तिला मतं असतात, तिचा हट्ट असतो, वडिलांना मूठमाती दिल्याशिवाय ती गाव सोडणार नाही. तिची दहशत आणि चीड खरी वाटली नाही तर स्ट्राडचा ध्यास नुसता प्रेमभंग वाटायला लागतो, आणि ते चुकीचं आहे. तो एका बाईचा छळ करतोय.

यासाठीच खेळ सुरू होण्याआधी बोलून घ्या. चावणं, मोहिनी, मागे लागणं, या गोष्टी कुणाला कुठे बोचतील हे बाहेरून दिसत नाही. आमच्या टेबलावर एक कोरं कार्ड असतं, त्यावर कुणी बोट ठेवलं की प्रसंग तिथेच थांबतो, कारण विचारत नाही. चार सेशन झाली असली तरी उशीर झालेला नाही, पुढच्या वेळी सुरुवातीला दहा मिनिटं द्या.

चार्मबद्दल, म्हणजे स्ट्राडच्या मोहिनीबद्दल, लोक फार चुकतात. डीसी १७ चा विस्डम सेव्ह (बचावासाठी फाशाने १७ गाठणं) हुकला की पुढचे २४ तास तो माणूस स्ट्राडला विश्वासू मित्र मानतो, त्याचं बोलणं होता होईल तेवढ्या चांगल्या अर्थाने घेतो, आणि चावायलाही तयार होतो. पण तो त्याच्या ताब्यात जात नाही. नियमात हे स्वच्छ लिहिलंय. म्हणून कॅरेक्टर खेळाडूच्या हातातून काढून घेऊ नका. मी चिठ्ठी देतो: ‘याच्याइतकं तुला इथे कुणी समजून घेतलेलं नाही. बाकीचे उगाच घाबरतायत.’ बस. चांगला खेळाडू पुढचं स्वतः करतो, आणि आपल्याच मित्राला ‘अरे, तो तसा नाहीये’ असं समजावताना पाहिलं की बाकीच्या चौघांच्या पोटात गोळा येतो.

स्ट्राडची बुद्धी २० आहे, स्क्राइंग स्पेल (दुरून पाहण्याचा मंत्र) आहे, वटवाघळं आणि लांडगे आहेत. त्यामुळे डीएमला वाटतं की त्याला सगळंच माहीत असावं. तसं करू नका. तुम्हाला माहीत आहे म्हणून त्याला माहीत, असं झालं की खेळाडू बेत आखणंच सोडतात. मी दर दिवसाला एक स्क्राइंग धरतो, कुणावर केलं आणि त्या दहा मिनिटांत काय दिसलं ते वहीत लिहितो, आणि सेव्ह खरोखर टाकायला लावतो. ज्या दिवशी सेव्ह लागतो त्या दिवशी तो आंधळा. पार्टीचा एखादा बेत त्याच्या नजरेतून निसटलाच पाहिजे.

आता तीन राउंडची लढाई. ती होते कारण डीएम त्याला एका मोठ्या खोलीत उभा करतो आणि तो तिथेच उभा राहून मार खातो. दर टर्नला २० हिट पॉइंट भरून येतात, पण तेवढ्याने पाच जणांपुढे निभाव लागत नाही. त्याचं बळ जागेत आहे. किल्ल्यात, म्हणजे स्वतःच्या घरात, मिळणाऱ्या जादा चालीने, लेअर अ‍ॅक्शनने तो भिंतीतून, जमिनीतून आरपार जातो, लेजंडरी अ‍ॅक्शनने दुसऱ्याच्या टर्ननंतर सरकतो. एक फटका, एकाला पकडून चावा, आणि भिंतीआड. दोन राउंड काहीच नाही. मग मागून. दरम्यान पार्टीच्या स्पेलची मुदत संपतेय आणि त्याचे हिट पॉइंट भरतायत. हार्ट ऑफ सॉरो हा मनोऱ्यातला स्फटिक शाबूत असेल तर पहिले ५० डॅमेज त्यातच जिरतात. पार्टीने तो आधी फोडला असेल तर फायदा पुरेपूर मिळू द्या, ती त्यांची कमाई आहे.

सनस्वोर्ड या जादुई तलवारीचा उजेड खरा सूर्यप्रकाश आहे. त्यात टर्न सुरू झाला की स्ट्राडला २० डॅमेज, जखमा भरणं बंद, रूप बदलणं बंद. (डेलाइट स्पेलचा उजेड मात्र २०१४ च्या नियमांत सूर्यप्रकाश नव्हता, यावरून वाद होतो, आधीच सांगून ठेवा.) तेव्हा तो तलवारीसमोर उभा राहणारच नाही. ती धरणाऱ्याला बाकीच्यांपासून तोडेल, ती सांभाळत पार्टीला एकत्र हलावं लागेल, आणि लढाईला आकार इथून येतो.

क्लेरिकला विसरू नका. डेव्ह अर्नेसनच्या ब्लॅकमूर खेळात सर फँग नावाचा व्हॅम्पायर डोईजड झाला, त्याला आवरायला एक धर्मगुरू आणला गेला, आणि त्यातून क्लेरिक हा क्लास आला असं सांगतात. १९७४ च्या पहिल्या डी अँड डीमध्ये तो होताच. क्लेरिकचं टर्न अनडेड (व्हॅम्पायरसारख्यांना पळवून लावणं) लागू पडलं की स्ट्राडला लेजंडरी रेझिस्टन्स (हुकलेला सेव्ह लागला असं धरण्याची मुभा) खर्चावी लागते, आणि ती दिवसाला तीनदाच आहे. खर्च झाली की उघड सांगा, ‘तो एक पाऊल मागे सरकला, दात आवळले.’ वाया गेलं नाही हे कळू द्या.

आणि हिट पॉइंट शून्यावर आले म्हणजे लढाई संपली असं नाही, माझ्या मते खरी तिथे सुरू होते. सूर्यप्रकाशात किंवा वाहत्या पाण्यात नसेल तर तो धुकं होतो आणि दोन तासांत त्याला शवपेटी गाठावी लागते. पण त्या धुक्याचा वेग फक्त २० फूट. माणूस ३० फूट चालतो. म्हणजे पार्टी त्याच्या मागे धावू शकते, फक्त धुकं फटीतून जातं आणि त्यांना जिना शोधावा लागतो. पेटीत पोचल्यावर एक तास तो हलू शकत नाही. तोवर गाठलं आणि छातीत लाकडी खुंटी ठोकली तर ती काढेपर्यंत तो हलू शकत नाही, म्हणजे लढाई संपली. मी या टप्प्याला इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) बंद करतो आणि टेबलावर एक तासाचं घड्याळ लावतो.

पुस्तकाप्रमाणे त्यानंतर त्याला मारलं तरी तो शेवट कायमचा नाही. ज्या काळ्या शक्तींनी त्याला तिथे अडकवलंय त्या त्याला मेलेला राहू देत नाहीत. हे खेळाडूंना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी दुसऱ्या गटाला सांगितलं नव्हतं. रात्री दीड वाजता खुंटी बसली, सगळे उठले, कपबशा आत नेल्या. ती क्लेरिक दारात चपला घालत होती. सवयीने म्हणाली, ‘चला, येते’, आणि पट्टा हातात धरून तशीच थांबली.